उष्णतेने उघडणारे लायपोसोम, अल्ट्रासाउंड आणि पीडी-१ प्रतिपिंड: उंदरांवरच्या प्रयोगाची कृती

हे लायपोसोम, म्हणजे लिपिडांच्या (चरबीच्या रेणूंच्या) सूक्ष्म पिशव्या, ३७ अंश सेल्सियसला डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध धरून ठेवतात आणि ४१-४२ अंशांना काही सेकंदांत सोडतात. अल्ट्रासाउंडने फक्त गाठ तापवली की औषध तिथेच सुटतं, सारी कसरत या चार-पाच अंशांची आहे. (ऑक्सफर्डच्या टारडॉक्स चाचणीत यकृताच्या गाठी असलेल्या १० रुग्णांवर लायपोसोम आणि अल्ट्रासाउंडची हीच जोडी वापरली होती, इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला चालना देणारा उपचार) मात्र त्यात नव्हती.)

डीपीपीसी, एमएसपीसी आणि डीएसपीई-पेग २००० ही लिपिडं ८६:१०:४ या मोल-प्रमाणात क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, रोटरी इव्हॅपोरेटरवर पातळ थर करा आणि रात्रभर व्हॅक्यूममध्ये सुकवा. ३०० मिलिमोलर सायट्रेट बफर (पीएच ४) घालून ५५-६० अंशांना १०० नॅनोमीटरच्या पडद्यातून दहा वेळा काढा. कॉलममधून बाहेरचा बफर पीएच ७.४ चा करा. मग लिपिडाच्या वजनाच्या विसाव्या भागाइतकं डॉक्सोरुबिसिन मिसळून ३७ अंशांना तासभर ठेवा. इथे सवयीने ६० अंश लावले की लायपोसोम उघडतात, आतबाहेरच्या पीएचमधला फरक मोडतो आणि औषध आत टिकत नाही.

गळती सीरममध्येच तपासा. नुसत्या बफरमधले आकडे फसवे चांगले येतात. आत दाटलेल्या औषधाची चमक दबलेली असते, सुटलं की वाढते. ४८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकून ५९० ला मोजा. लायपोसोम फोडणारा ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घातल्यावरची चमक म्हणजे १०० टक्के.

उंदराचे केस पूर्ण काढा, कातडी आणि अल्ट्रासाउंड यंत्र यांना जोडणारं पाणी डीगॅस करा, म्हणजे त्यातली हवा काढा. जेलमध्ये बुडबुडा राहिला तर लहरी तिथेच अडतात आणि कातडी भाजते. गाठ आधी ४२ अंशांवर आणा, मगच शेपटीच्या शिरेतून लायपोसोम द्या आणि तापमान १५-२० मिनिटं टिकवा. रक्तात ते हळूहळू गळत असतातच, उशीर परवडत नाही. जास्त तापवणं ही नेहमीची चूक. रक्तवाहिन्या बंद पडल्या की नवे लायपोसोम गाठीत पोचतच नाहीत. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लहरींच्या झोतात स्वतःच तापतो, म्हणून क्षणभर अल्ट्रासाउंड थांबवून आकडा वाचा.

डॉक्सोरुबिसिनने मरणाऱ्या पेशी पृष्ठभागावर कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन आणतात, एटीपी बाहेर टाकतात आणि टी-पेशींना शत्रू दाखवून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशींना खुणावतात. म्हणून टी-पेशींवरचा पीडी-१ हा ब्रेक अडवणारा आरएमपी१-१४ हा प्रतिपिंड जोडायचा: २०० मायक्रोग्रॅम, पोटाच्या पोकळीत, दर तीन दिवसांनी.

दुसऱ्या कुशीत एक न तापवलेली गाठ हवीच. तीही आकसली तर लगेच हुरळू नका, रक्तात गळलेलं औषधही तेवढं करू शकतं. प्रतिपिंडाविना लायपोसोम-उष्णतेचा गट ठेवा, आणि एका गटातल्या सीडी८ पेशी (गाठीवर हल्ला करणाऱ्या टी-पेशी) आधीच काढून टाका. त्या गटातही दुसरी गाठ तितकीच आकसली, तर श्रेय टी-पेशींचं नाही.