बँकॉकच्या खाओ सानजवळ स्वस्त गेस्टहाऊसमध्ये उतरताना या चुका टाळा

बँकॉकच्या बांगलाम्फू भागातील खाओ सान हा रस्ता जेमतेम 400 मीटर लांबीचा आहे, आणि तरीही कमी खर्चात राहू इच्छिणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी नेमके त्या 400 मीटरांतच खोली शोधतात. गेली अनेक वर्षे ओळखीची माणसे निघण्यापूर्वी माझा सल्ला घेतात आणि परत आल्यावर त्याच त्या तक्रारी सांगतात. या तक्रारींच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट असते, ती म्हणजे खोली डोळ्यांनी पाहण्याआधीच सगळ्या मुक्कामाचे पैसे भरून मोकळे होण्याची घाई.

ऐन खाओ सानवर खोली घेणे

सूर्य मावळला की या रस्त्यावरचे बार शेजाऱ्यापेक्षा आपले संगीत मोठे वाजावे अशा ईर्ष्येने ध्वनिक्षेपक लावतात आणि हा गोंगाट मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालू राहतो. आरक्षणाच्या अॅपवर किंमत चढत्या क्रमाने लावून पहिली खोली उचलणाऱ्याला हे कळण्याचा काही मार्ग नसतो, कारण छायाचित्राला आवाज नसतो आणि नकाशावर ‘खाओ सानपासून 50 मीटर’ ही सोयच वाटते.

माझा भाचा आणि त्याची पत्नी पहिल्यांदा परदेशी निघाले, तेव्हा पहिली एकच रात्र आरक्षित करा, असे मी त्यांना बजावले होते. चार रात्री एकदम घेतल्यास मिळणारी सवलत पाहून भाच्याने मात्र ऐन रस्त्यावरची, पैसे परत न मिळणारी खोली घेऊन टाकली. त्या वेळी मीही बँकॉकमध्येच, कालव्यापलीकडे सामसेन भागात उतरलो होतो. रात्री एकच्या सुमारास त्याचा फोन आला. “मामा, खाली बार आहे. पलंगाला हात लावला तरी ठोके जाणवतात. हिला तर रडूच फुटलंय.” खिडकी नीट लावली आहे का, असे मी विचारले. तो म्हणाला, “खिडकी नाहीच. पडदा आहे, पण पडद्यामागे भिंत आहे.”

सकाळी मी त्याच्याबरोबर काउंटरवर गेलो. तेथील माणूस सौजन्याने बोलला. त्याने आरक्षणाच्या अटी दाखवल्या, मागच्या बाजूची एकही खोली रिकामी नसल्याचे सांगितले आणि त्यापुढे त्याच्या हातात काही नव्हते. उरलेल्या रात्रींचे पैसे सोडून दोघांनी दुसरीकडे नव्याने खोली घेतली आणि सवलतीच्या नादात झालेला एकूण खर्च सुरुवातीला महाग म्हणून नाकारलेल्या खोलीपेक्षाही वर गेला. मला त्या गेस्टहाऊसला दोष द्यावासा वाटत नाही. आवाजाविषयी कित्येक पाहुण्यांनी अभिप्रायांत स्पष्ट लिहून ठेवले होते आणि ते वाचण्यास पाच मिनिटे पुरली असती. मी स्वतः सर्वांत कमी गुण देणारे आणि सर्वांत ताजे अभिप्राय आधी वाचतो. त्यांत आवाज, ढेकूण किंवा कुबट वास यांपैकी एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा आली, तर कितीही स्वस्त असली तरी ती जागा सोडून देतो.

पर्याय दूर नाहीत. खाओ सानच्या पश्चिम टोकाला वाट चना सोंगख्राम हे बौद्ध मंदिर आहे. त्याच्या मागून वळसा घालणाऱ्या रामबुत्री गल्लीत आणि तेथून नदीकडे फ्रा आथित रस्त्याच्या बाजूला रात्री पुष्कळ शांतता असते. त्याहूनही शांत हवे असेल, तर उत्तरेला बांगलाम्फू कालवा ओलांडून सामसेनच्या गल्ल्यांत जावे. तेथून खाओ सानला चालत जाण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि ज्याला रोज रात्री रस्त्यावरची गंमत पाहायची आहे, त्यानेही झोपण्यासाठी एवढे अंतर राखावे, असे माझे ठाम मत आहे. 13 ते 15 एप्रिल या सोंगक्रानच्या, म्हणजे एकमेकांवर पाणी उडवून साजऱ्या होणाऱ्या थाई नववर्षाच्या दिवसांत तर खाओ सानवरून सामान कोरडे नेणेही कठीण असते.

खोली न पाहता पैसे देणे

मुंबईहून रात्री निघणारी अनेक विमाने बँकॉकला पहाटे किंवा सकाळी लवकर पोहोचतात. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. खोली मात्र साधारण दुपारी मिळते. दमलेली मंडळी काउंटरवर वाद घालतात किंवा जादा पैसे मोजतात. या वेळेचा खरा उपयोग निराळा आहे. पहिल्या रात्रीसाठी आरक्षित केलेल्या ठिकाणी सामान ठेवावे, फ्रा आथित रस्त्यालगत जुन्या फ्रा सुमेन बुरुजाजवळच्या उद्यानात नदीकाठी तासभर बसावे, खाऊन घ्यावे आणि अकराच्या सुमारास पुढच्या रात्रींसाठी खोल्या पाहण्यास निघावे. त्या वेळी आदल्या रात्रीचे पाहुणे खोल्या सोडत असतात आणि कोणती खोली उद्या मोकळी होणार हे काउंटरवर कळते. लहान, घरगुती गेस्टहाऊसमध्ये तीन-चार रात्री राहतो म्हटल्यावर दरही अनेकदा कमी होतो.

खोलीत शिरल्यावर मी आधी एसी किंवा पंखा चालू करतो आणि तो चालू असतानाच बाकीचे पाहतो, कारण बिघडलेल्या यंत्राची घरघर लगेच लक्षात येत नाही. चादरीचे कोपरे उचलून गादीच्या शिवणीवर मोबाइलचा उजेड टाकावा. शाईच्या टिंबासारखे काळे ठिपके दिसले, तर ते ढेकणांचे आहेत असे समजावे आणि आभार मानून बाहेर पडावे. नळाचा आणि फ्लशचा जोर, दाराची कडी, मोरीतून येणारा वास हे सारे पाहण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. खोली दाखवणारी व्यक्ती दारात उभी आहे म्हणून संकोचून चटकन “चालेल” म्हणणारे फार असतात. खोली पाहू देण्याची तेथे रीतच आहे. संकोचाचे कारण नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उघडणारी खिडकी आणि दुसरा जिना. डिसेंबर 2024च्या अखेरीस खाओ सानच्या अगदी जवळच्या एका हॉटेलात रात्री आग लागून परदेशी पर्यटक मृत्युमुखी पडले. जुन्या, दाटीवाटीच्या इमारतींत बिनखिडकीची खोली शंभर-दोनशे बाट स्वस्त मिळते म्हणून घेणे मला मुळीच मान्य नाही, आणि हे मी प्रत्येकाला सांगतो. खोली घेण्यापूर्वी जिन्याने वरपर्यंत जाऊन यावे आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर सायकली, गाद्या किंवा कुलूप नाही ना, हे पाहावे. याच कारणासाठी घरून आणलेला पाण्यात बुडवायचा हीटर किंवा इंडक्शनची शेगडी अशा खोलीत लावू नये. उपमा-पोह्यांची तयार पाकिटे न्यावीत आणि गरम पाणी काउंटरवर मागावे. ते सहसा मिळते.

बाकीच्या चुका

विमान मध्यरात्रीनंतर उतरत असेल, तर आरक्षण आदल्या तारखेचे हवे. ही चूक सुशिक्षित माणसेही करतात.

1 मे 2025 पासून थायलंडमध्ये येण्यापूर्वीच्या 3 दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावे लागते आणि त्यात मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो, म्हणून पहिली रात्र आरक्षित असायलाच हवी. सरकारी संकेतस्थळावर हे कार्ड विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले, तर ते बंद करावे.

खाओ सानला मेट्रोचे स्थानक नाही. सुवर्णभूमी विमानतळावरून दिवसा एस1 क्रमांकाची बस थेट येते. नाहीतर रेल्वेने फाया थाईपर्यंत येऊन पुढे टॅक्सी करावी. गेस्टहाऊसचे नाव आणि पत्ता थाई लिपीत मोबाइलमध्ये ठेवला, तर टॅक्सीचालकाशी निम्मा वाद होत नाही.

परदेशी पाहुणा राहण्यास आल्यावर 24 तासांत त्याची माहिती इमिग्रेशनला देणे मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे पासपोर्टची प्रत काढू द्यावी. मूळ पासपोर्ट मात्र किल्लीसाठी किंवा स्कूटरसाठी अनामत म्हणून कधीही ठेवू नये. रोख अनामत द्यावी.

आपले जाड गोल तीन पिनांचे प्लग तेथे बसत नाहीत. दोन पिनांचा चार्जर न्यावा.

बेटांकडे जाणाऱ्या रात्रीच्या पर्यटक बसचे तिकीट गेस्टहाऊसच्या काउंटरवरच काढणे सोपे वाटते, पण त्या बसच्या पोटात ठेवलेल्या बॅगांतून पैसे आणि वस्तू गेल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. मौल्यवान वस्तू अंगावरच्या पिशवीत ठेवाव्यात. मी शक्यतो रेल्वेने जातो. जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या हुआ लाम्फोंगऐवजी क्रुंग थेप आफिवात या नव्या स्थानकावरून सुटतात, हे न तपासता जुन्या स्थानकावर जाऊन गाडी चुकवणारे अजूनही भेटतात.

शेवटच्या दिवशी पहाटे निघायचे असेल, तर किल्लीची अनामत आदल्या संध्याकाळीच मागून घ्यावी, कारण लहान गेस्टहाऊसचे काउंटर रात्री बंद असते आणि पहाटे पैसे परत देणारे तेथे कोणी नसते. रात्रीचे विमान असेल, तर दुपारी खोली सोडताना सामान ठेवण्याची जागा कुलूपबंद आहे की नुसती जिन्याखालची मोकळी जागा आहे, हे स्वतः पाहून मगच बॅग तेथे ठेवावी.