शिक्षा भोगून आलेल्या माणसाला भजनी मंडळात घेताना

तुरुंगातून सुटलेला माणूस भजनी मंडळात, दिंडीत किंवा मंदिराच्या सेवेत येऊ इच्छितो, तेव्हा बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘विठ्ठलाच्या दारी सगळे सारखे’ म्हणून कसलीही विचारपूस न करता त्याच्यावर सगळे सोपवले जाते, नाही तर तोंडावर नकार न देता केवळ कुजबुजीने त्याला परतवले जाते. कीर्तनाला येऊन बसण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु मुलांची जबाबदारी, दानपेटीची किल्ली आणि मंडळातील पद यांवर कोणाचाच अधिकार नसतो. हा भेद विश्वस्तांनी आणि मंडळाच्या प्रमुखांनी आधी आपसात पक्का करावा, म्हणजे पुढचे निर्णय व्यक्तीच्या ओळखीपाळखीवर अवलंबून राहत नाहीत.

पहिली भेट उत्सवाच्या गर्दीत न घेता एखाद्या साध्या दिवशी घ्यावी. मंडळातील दोन जाणत्या व्यक्ती, त्यांपैकी एक शक्यतो स्त्री, अशा दोघांनी त्याच्याशी शांतपणे बोलावे. गुन्हा कोणता होता, शिक्षा पूर्ण झाली आहे की तो अभिवचन रजेवर (पॅरोल) अथवा परिवीक्षेवर (प्रोबेशन) आहे, न्यायालयाने कोणत्या अटी घातल्या आहेत, हे थेट विचारावे आणि निकालाची प्रत पाहावी. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 पासून ठेवली जाते, पण ती पोलिसांपुरती आहे, सामान्य नागरिकांना ती पाहता येत नाही. म्हणून सेवेची जबाबदारी देण्यापूर्वी त्याने स्वतः पोलिसांकडे अर्ज करून चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र आणावे, असे सांगणे योग्य ठरते. हाच नियम सर्व सेवेकऱ्यांना लावला, तर त्याला एकट्याला वेगळे काढल्यासारखे होत नाही. केवळ गुन्हा दाखल झालेला, निर्दोष सुटलेला आणि दोषी ठरलेला या तिघांना एका मापाने मोजू नये. पश्चात्तापाचे अश्रू खरे असू शकतात, तरीही त्यांवरून धोका नाही असा निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर गुन्ह्याच्या स्वरूपानुसार मर्यादा ठरवाव्यात. शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत शिक्षा झालेल्या माणसाला बालसंस्कार वर्गाच्या सतरंज्या उचलण्यापासून रोखण्याचे कारण नाही, आणि अफरातफर केलेल्याला वर्गणीपासून दूर ठेवले की पुष्कळदा तेवढे पुरते. मुलांवर लैंगिक अत्याचार केलेल्याच्या बाबतीत मात्र कितीही वर्षे लोटली, तरी मुलांशी संबंधित कोणतेही काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी एका पानावर अटी लिहून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात: तो कोणत्या कार्यक्रमांना येईल, कोठे बसेल, सोबतीला कोण असेल, मुलांना प्रसाद वाटणार नाही, त्यांना गाडीवरून सोडणार नाही, कोणाच्या घरी मुलांच्या शिकवणीला जाणार नाही. आळंदीहून पंढरपूरला निघालेली दिंडी जवळजवळ तीन आठवडे वाटेवर असते आणि मुक्कामी लहानथोर एकाच राहुटीत किंवा शाळेच्या वर्गात झोपतात. अशा माणसाने मुक्कामाला राहू नये, दिवसाच्या वाटचालीतही सोबत्याबरोबरच चालावे.

मर्यादा घालणारे मंडळ त्याला काही देतही असले पाहिजे, अन्यथा तो कागद म्हणजे दुसरी शिक्षा ठरते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवली जात नाही, ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, आणि रात्रीच्या पहाऱ्यासाठी माणसे मिळणे नेहमीच कठीण असते. मंडपात मुले झोपत नसतील आणि जोडीला दुसरा प्रौढ वारकरी असेल, तर रात्री दोन ते चारचा पहारा त्याला द्यावा. गळ्यात वीणा आली की तो पाहुणा राहत नाही. पहाऱ्यानंतर पहाटेच्या काकड्यापूर्वी सोबत्याने त्याला चहाला आपल्या शेजारी बसवून घ्यावे. इतर लोक त्याच्याशी कसे वागायचे ते अशा प्रसंगांतून शिकतात. त्याच्या गुन्ह्याची कहाणी मात्र कीर्तनात उदाहरण म्हणून सांगू नये. वाल्या कोळ्याची कथा सर्वांच्या तोंडी आहे, पण जिवंत माणसाला सर्वांसमोर वाल्या म्हणून उभे करणे क्रूरपणाचे आहे.

त्याच मंदिरात पीडित व्यक्ती किंवा तिचे कुटुंब येत असेल, तर त्यांची सोय प्रथम पाहावी; गरज पडल्यास त्यानेच दुसऱ्या मंदिरात किंवा वेगळ्या वेळी यावे. क्षमा करण्यासाठी त्या कुटुंबावर कोणीही, महाराजांनीही, दबाव आणू नये. माहिती अटींवर देखरेख करणाऱ्यांपुरतीच ठेवावी. पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि अल्पवयात घडलेल्या गुन्ह्याची नोंद बाल न्याय अधिनियम, 2015 खाली सहसा नष्ट केली जाते, तेव्हा ती उकरून काढू नये.

मुलाच्या बाबतीत काही घडल्याचे कळले किंवा घडण्याची भीती वाटली, तर मंडळाने आपली चौकशी समिती नेमत बसू नये. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार ही माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. मुलांसाठी 1098 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक मंदिराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावावेत.

अटींचा आढावा दर सहा महिन्यांनी त्याला समोर बसवून घ्यावा. तो दुसऱ्या गावच्या मंडळात जाऊ लागला, तर त्याला सांगूनच तेथील प्रमुखांना प्रत्यक्ष भेटून अटींची माहिती द्यावी, आणि त्याने आपल्याकडे नीट सांभाळलेली सेवाही त्याच भेटीत सांगावी.