कोकणात गेलात की अरबांच्या खुणा कशा ओळखायच्या (मासे खाऊन झाल्यावर करायचं काम)

गणपतीला नाहीतर मे महिन्यात गावी जातो आपण, पहिले दोन दिवस मासे आणि झोप, तिसऱ्या दिवशी पोरं विचारतात आज कुठे जायचं आणि आपण परत तोच बीच आणि तोच किल्ला दाखवून आणतो. मी दापोलीकडचा, माझंही वर्षानुवर्षं हेच चालू होतं. मग हळूहळू एक नाद लागला, किनाऱ्यावर हजार वर्षांपूर्वीचा इस्लाम कुठे कुठे दिसतो ते शोधायचा. तो कसा शोधायचा ते सांगतो, पैसे काही लागत नाहीत, पेट्रोल सोडून.

सगळ्यात आधी डोक्यातला शाळेचा धडा बाजूला ठेवा. आपल्याला शिकवलंय की १२९६ ला अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि तिथून पुढे महाराष्ट्रात मुसलमान. घाटावर ते ठीक आहे. पण त्याच्या पार ३८० वर्षं आधी, ९१६ च्या आसपास, अल मसूदी नावाचा बगदादचा माणूस आपल्या चौलला येऊन गेलाय. अरब लोक चौलला सैमूर म्हणायचे. त्याने लिहून ठेवलंय की तिथे १० हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, कोण इराणच्या किनाऱ्यावरच्या सिराफचे, कोण ओमानचे, कोण बसऱ्याचे, बगदादचे, आणि बरेचसे इथेच जन्मलेले, त्यांना तो बयासिरा म्हणतो. राज्य शिलाहारांचं, त्यांच्यावर राष्ट्रकूट, म्हणजे राजे सगळे हिंदू, आणि या लोकांचे आपापसातले तंटे त्यांच्या कायद्याने सोडवायला राजानेच त्यांच्यातला एक प्रमुख नेमलेला, त्याला हुन्नरमन म्हणत. एकही लढाई न होता एवढी वस्ती. त्यामुळे कोकणात बघायचं तर घाटाकडे पाठ करायची आणि समुद्राकडे तोंड.

आता वारा समजून घ्या, कारण वाऱ्याशिवाय यातलं काही कळत नाही. शिडाची जहाजं पावसाळा उतरणीला लागला की नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर अरबस्तानातून इकडे यायची, साधारण आपल्या नारळी पौर्णिमेच्या पुढेमागे. परत जायचं तर ईशान्येचा वारा हवा, तो सुटतो दिवाळीनंतर. मधले दोनतीन महिने करायचं काय? बंदरात बसायचं, माल विकायचा, भरायचा, आणि ज्याचं जहाज नादुरुस्त झालं किंवा ज्याचा वारा चुकला तो गेला वर्षभर अडकून. अशी अडकलेली माणसं भाड्याने घर घेणार, लग्न करणार, नमाजाला जागा लागणार, मेला कोणी तर कबरस्तान लागणार. वस्ती अशी वाढते. म्हणून मी नवीन गावात गेलो की आधी बघतो खाडीचं तोंड कुठे आहे, गलबत वाऱ्यापासून सुरक्षित कुठे लागत असेल, आणि मग मोहल्ला कुठे आहे. बऱ्याच वेळा धक्क्यापासून चालत पाच मिनिटांवर सापडतो.

पुढची पायरी जरा अवघड, पण मजा इथेच आहे. कोकणात इस्लाम दोन वाटांनी आला. एक समुद्रातून, अरब व्यापाऱ्यांबरोबर, खूप आधी. दुसरा घाट उतरून, आधी खिलजी तुघलक, मग १३४७ नंतर बहामनी, मग आदिलशाही निजामशाही. या दोन वाटा वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. सोप्पी खूण म्हणजे पंथ, म्हणजे नमाज कसा पढायचा, काय खायचं ते सांगणारी धर्मशास्त्राची परंपरा. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत, आणि घाटावरचे, दिल्लीकडचे बहुतेक हनफी. शाफई पंथ येमेन आणि अरबी किनाऱ्यावरचा, आणि जिथे जिथे जहाजं गेली तिथे तो दिसतो, केरळचे माप्पिळा, श्रीलंका, पार इंडोनेशिया, तिकडे आफ्रिकेचा पूर्व किनारा. हनफी पंथ मध्य आशियातून घोड्यांबरोबर खैबर मार्गे आला. म्हणजे रत्नागिरीतल्या माणसाची नमाजाची पद्धत औरंगाबादपेक्षा जावाच्या माणसाशी जास्त जुळते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नकाशा काढून बसलो होतो रात्री.

आता कोणाला तोंडावर विचारू नका हो तुमचा पंथ कुठला म्हणून, बरं दिसत नाही. मशिदीबाहेर नमाजाच्या वेळांचा फळा असतो तो बघा, दुपारनंतरची असरची वेळ शाफईंची लवकर असते, हनफींची उशिरा. आणि दुसरी खूण ताटात. हनफी पंथात समुद्रातली फक्त मासळी चालते, शाफईंना समुद्रातलं जवळजवळ सगळं. तिसऱ्या (शिंपल्या), माकूल मिटक्या मारत खाणारा शेजारी असेल तर धर्मशास्त्र त्याच्या बाजूने आहे.

घाटावरून येणाऱ्यांना मात्र कोकण सहज मिळालं नाही. १४५३ च्या सुमारास मलिक उत् तुज्जार नावाचा बहामनी सरदार सैन्य घेऊन विशाळगडाच्या बाजूच्या जंगलात शिरला आणि शिर्के आणि तिथल्या राजाने मिळून त्याला सैन्यासकट संपवला. पुढे १४६९ ते ७२ मध्ये महमूद गावानने मोहीम काढून विशाळगड, गोवा घेतलं तेव्हा कुठे जम बसला. गंमत अशी की हा महमूद गावान, बहामनींचा एवढा मोठा वजीर, बिदरचा मदरसा बांधणारा, तो मूळचा इराणच्या गिलानचा, आणि व्यापारी म्हणून उतरला कुठे तर आपल्या दाभोळला. म्हणजे घाटावरच्या सत्तेची माणसंसुद्धा आपल्याच बंदरातून वर चढत होती.

आता कान उघडे ठेवून कोळीवाड्यात जा. तिथे ऐकलेले शब्द घरी येऊन लिहा. नाखवा घ्या. नाखवा म्हटलं की आपल्याला कोळीगीत आठवतं, पण शब्द फारसी, नाखुदा, नाव आणि खुदा, म्हणजे नावेचा धनी. बंदर फारसी, दर्या फारसी, खलाशी अरबी, आणि मोसम म्हणजे अरबी मौसिम, ज्यावरून सायबाने मान्सून केला. जंजिरा म्हणजे अरबी जझिरा, बेट. मराठी कागदांत सिंधुदुर्ग विजयदुर्गलासुद्धा जंजिरे सिंधुदुर्ग, जंजिरे विजयदुर्ग असं लिहिलेलं असतं, आणि ती अल जझिरा वाहिनी आहे ना, तोच शब्द. समुद्रावरचे शब्द बंदरात सापडतात, आणि कचेरीचे शब्द, तालुका, जिल्हा, हक्क, अर्ज, वकील, तारीख, हे घाटावरच्या राजवटींबरोबर पक्के झाले. सातबारा हातात घ्या आणि अरबी फारसी शब्द पेन्सिलने अधोरेखित करत जा, पोरांना सुट्टीत द्यायला बेस्ट उद्योग आहे.

स्वयंपाकघरातही हेच करा. कोकम सरबत यातलं कोकम आपल्या परसातलं, सरबत अरबी. संक्रांतीला नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतो, हलवा अरबी. आणि माल फक्त एका बाजूने गेला असं नाही. नारळाला अरबीत नारजील म्हणतात, तो आपल्या नारिकेलावरून. साखरेचं सुक्कर, सागाचं साज. अबू झैद नावाच्या सिराफच्या माणसाने दहाव्या शतकात लिहिलंय की ओमानचे सुतार नारळाच्या बेटांवर जायचे, त्याच झाडाच्या फळ्या, त्याच्याच काथ्याने शिवलेलं जहाज, खिळा नाही, डोलकाठी त्याचीच, शीड त्याचंच, आणि वर भरलेला माल पण नारळच. सगळ्यात भारी चंदनाचं. आपला चंदन अरबीत गेला, संदल झाला, आणि शेकडो वर्षांनी उरुसाचा संदल (दर्ग्यावर चंदनाचा लेप मिरवत नेतात तो) होऊन परत आपल्याच गावात मिरवत आला. माहीमला मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यावर मुंबई पोलिसांचा संदल जातो तो हाच शब्द. हे माहिमी १३७२ ला जन्मले, कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे मोठे पंडित, घराणं अरबी मुळाचं नवायत. दर्ग्यात लोक नवस बोलायला जातात पण माणूस मुळात अभ्यासाचा होता हे फारसं कोणाला माहीत नसतं.

अजून एक, ज्योतिषाकडे वर्षफळ काढता ना, त्याला ताजिक म्हणतात. ताजिक म्हणजे संस्कृतात अरब. त्यातला इत्थशाल योग म्हणजे अरबी इत्तिसाल. हे आमच्या गुरुजींना सांगितलं तर ते दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

ताजिक शब्द निघालाच आहे तर डहाणू तालुक्यातल्या चिंचणीचा ताम्रपट लक्षात ठेवा. शके ८४८, म्हणजे ९२६. राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळातला, भाषा संस्कृत. त्यात संजानचा (आता गुजरातेत) कारभारी म्हणून महंमद नावाचा ताजिक आहे, नावाचं संस्कृत करून मधुमती केलंय. या माणसाने नदीवर फुकट होडीची सोय केली, येणाऱ्याजाणाऱ्याला भात, कालवण, तूप फुकट मिळेल असं अन्नछत्र घातलं, आणि त्याच्या संमतीने देवीच्या मठिकेला (लहान मठाला) जमीन दिली गेली. मी हा ताम्रपट कुठल्याच वादात कोणाच्या तोंडावर फेकत नाही, पण माहीत असावा.

जायचं कुठे? एकच दिवस असेल तर चौल रेवदंडा करा, अलिबागवरून जवळ आहे. चौलमध्ये जुन्या हमामखान्याचे आणि मशिदीचे अवशेष आहेत, झाडीत शोधावे लागतात, पूर्ण पँट घाला. रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. हा १४६९ च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलला उतरला, कारण अरबी घोड्याला इथे सोन्याचा भाव, इकडच्या हवेत घोडे नीट पैदा होत नाहीत म्हणून वर्षाला जहाजं भरून आणावे लागत. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला आणि म्हणाला मुसलमान हो मग देतो. एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून सुटला. परत जाताना दाभोळवरून गेला. दुसरा दिवस मिळाला तर ते दाभोळ करा, धोपाव्यावरून फेरीबोटीने वासिष्ठी ओलांडून उतरा, धक्क्याजवळच विजापुरी धाटणीची घुमटाची मशीद आहे, पण ती सतराव्या शतकातली, तिला हजार वर्षं जुनी म्हणू नका, मी एकदा व्हॉट्सॲपवर तसं लिहून तोंडावर पडलोय. जंजिरा पावसाळ्यात बंद असतो. आणि शुक्रवारी दुपारी कुठल्याही मशिदीत बघायला म्हणून जाऊ नका, बाकी वेळी बाहेर जे चाचा बसलेले असतील त्यांना विचारा, डोकं झाका, बायकांना आत सोडतात का ते आधीच विचारून घ्या, फोटो विचारून.

शिलालेखावर अरबी आकडे दिसले तर घाबरू नका. अक्षरं उजवीकडून वाचतात पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून. नुसतं टिंब म्हणजे शून्य, गोल म्हणजे पाच (इथेच सगळे चुकतात), वर उघडा कोन सात, खाली उघडा कोन आठ. मिळालेल्या हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. मसूदीने चौलचं साल ३०४ दिलंय, गुणून २९५, अधिक ६२२, झाले ९१७, एखाद वर्ष इकडे तिकडे.

शेवटचं घरातलं. जुन्या पेटीत मोडी कागद असतील तर वर "सु॥ सन अर्बा सबैन व अलफ" असं काहीतरी दिसेल. ते अरबी आकडे आहेत शब्दांत. अर्बा चार, सबैन सत्तर, अलफ हजार, म्हणजे १०७४. याला शुहूर सन म्हणतात, त्यात ५९९ मिळवा, १६७३ आलं, साल संपेपर्यंत १६७४. हिजरी वर्ष चंद्राचं, दरवर्षी ११ दिवस मागे सरकतं, त्यावर भाताचा सारा कसा वसूल करणार, पीक तर पावसावर येतं. म्हणून १३४४ पासून, तुघलकाच्या काळात, नावं अरबी पण वर्ष सूर्याचं असा सन सुरू झाला आणि तो सुरू होतो मृग नक्षत्र लागलं की. म्हणून त्याला मृगसाल पण म्हणायचे. अरबी आकडा आणि आपला पेरणीचा पाऊस, दोन्ही एका ओळीत, आणि शिवाजी महाराजांच्या पत्रांतही हाच सन.

असा कागद मिळाला तर मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घडीवर घडी घालू नका, सुती कापडात सपाट ठेवा आणि मोडी वाचणारा गाठा. लॅमिनेशन करू नका. आमच्या काकांनी प्रेमाने चार कागद लॅमिनेट करून आणले, आता त्यातली शाई प्लॅस्टिकला चिकटलीय आणि पहिल्या ओळीतला फक्त "अलफ" तेवढा वाचता येतो.