सवडीने कॉम्प्युटर शिकताय? मग या चुका टाळा

मे संपत आला आणि आंब्याच्या शेवटच्या पेट्या मुंबईला रवाना झाल्या, की आमच्या देवगडच्या बाजूला फोन सुरू होतात. "मॅडम, माका सीसीसी करूची आसा, पण रोज क्लासाक येवक जमाचा नाय. सवडीन केलंय तर चलात?"

चालतं. सीसीसी म्हणजे कॉम्प्युटरच्या तोंडओळखीची सरकारी परीक्षा. तालुक्याच्या गावात गेली काही वर्षं मी हाच अभ्यास शिकवते आहे. बागेत राबणारी, बोटीवर जाणारी, काजूच्या फॅक्टरीत बसणारी, लहान पोर कडेवर घेऊन आलेली माणसं सवडीने शिकून पास झालेली मी पाहिली आहेत. अर्ध्यावर सोडून गेलेलीही बरीच पाहिली. त्यातल्या फार थोड्यांना अभ्यास अवघड गेला होता. बाकीच्यांच्या चुका त्याच त्या होत्या, आणि सगळ्या टाळता येण्याजोग्या होत्या.

सवड मिळेल म्हणून वाट बघणं

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कोकणात सवड आपण होऊन येत नाही. आंबा संपला की पेरणी, मग लावणी, मग गणपती, मग भातकापणी, आणि तोवर बागेत पुन्हा फवारणीचे दिवस. म्हणून वेळ ठरवताना घड्याळाच्या आधी आपल्या घरचं वर्ष डोळ्यांसमोर आणा.

सीसीसीचा अभ्यासक्रम ८० तासांचा आहे. आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंद असते. भागाकार केला तर रोजचा साधारण एक तास वीस मिनिटं येतो. बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्या एका मुलाला मी हे कागदावर मांडून दाखवलं. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. होड्या शाकारून झाल्यावर दुसऱ्याच दिवसापासून तो पहाटे साडेपाचला बसू लागला, कारण त्या वेळेला त्यांच्या वाडीत नेटवर्क बरं असतं आणि घरात कोणी हाका मारत नाही. बसला त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर काट मारायची, चुकला तर रविवारी भरून काढायचं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून बोट पाण्यात गेली तेव्हा त्याचा अभ्यास संपलेला होता.

लावणी करणाऱ्यांना जून-जुलै जमणार नाही. त्यांनी गणपती झाल्यापासून भात पिवळं होईपर्यंतचे आठवडे धरावेत आणि उरलेलं कापणीनंतर पुरं करावं. घरात गणपती असेल तर ते दिवस हिशेबातूनच काढून टाका. त्या दिवसांत अभ्यास होईल असं कोकणातल्या माणसाने स्वतःला सांगू नये.

कुठलंही सर्टिफिकेट चालेल असं समजणं

हे बघून मला खरंच वाईट वाटतं. सहा महिने पैसे भरून, जाडजूड कागदावर सोनेरी शिक्का असलेलं प्रमाणपत्र घेऊन मुलगी भरतीच्या कागदपत्र तपासणीला जाते आणि तिथे कळतं की ते धरलं जात नाही. महाराष्ट्र शासनाच्या ४ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयात कॉम्प्युटरच्या पात्रतेसाठी काय मान्य आहे ते लिहिलेलं आहे. डोएक म्हणजे आताच्या नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेची सीसीसी किंवा ओ, ए, बी, सी स्तरांपैकी एखादी परीक्षा, नाहीतर एमएस-सीआयटी ही राज्याची कॉम्प्युटर साक्षरतेची परीक्षा. खाजगी क्लासच्या स्वतःच्या कोर्सातून शिकायला मिळतं, ते वाया जात नाही. पण नोकरीसाठी कागद हवा असेल तर पैसे भरण्याआधी विचारा: प्रमाणपत्रावर कोणाचं नाव येणार?

दुसरा घोळ टायपिंगचा. मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची टंकलेखन परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ती वेगळी आणि कॉम्प्युटर साक्षरतेची वेगळी. जाहिरातीत दोन्ही मागितल्या असतील तर एकीवर दुसरी भागेल असं धरू नका, जाहिरात नीट वाचा.

सीसीसी आणि एमएस-सीआयटी यांत भलतंच निवडणं

सीसीसीला क्लास लावलाच पाहिजे असं नाही. थेट उमेदवार म्हणून घरी अभ्यास करून अर्ज भरता येतो, शिक्षणाचीही अट नाही. पण परीक्षेपर्यंत तुम्हाला ढकलणारं कोणी नसतं. एमएस-सीआयटी अधिकृत केंद्रातून करायची असते. तिथे १०० पैकी ५० गुण इरा या प्रणालीवर नियमित केलेल्या सत्रांचे आणि ५० शेवटच्या ऑनलाइन परीक्षेचे. दोन्हीकडे निदान २० हवेत. त्यामुळे "शेवटच्या आठवड्यात सगळं उरकतो" हा हिशेब एमएस-सीआयटीत चालत नाही, सत्रं मागे पडली की गुणही गेले. स्वतःहून रोज बसणारा असाल तर सीसीसी घ्या. कोणीतरी विचारणारं लागत असेल तर केंद्रात जा. त्यात कमीपणा काही नाही.

सीसीसी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगते. सध्याच्या अभ्यासक्रमात लिबरऑफिस आहे: रायटर, कॅल्क आणि इम्प्रेस. कित्येक जण वर्ड-एक्सेल-पॉवरपॉइंटवर घासून तयारी करतात आणि परीक्षेत ओडीटी, ओडीएस, ओडीपी ही फाईलींची नावं बघून गोंधळतात. लिबरऑफिस फुकट आहे. एकदा चांगल्या नेटवर्कच्या ठिकाणी उतरवून घेतलं की पुढे इंटरनेट नसलं तरी चालतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात याच्याइतका मोठा फायदा नाही.

मोबाइलवर व्हिडिओ बघून "आलं" म्हणणं

व्हिडिओत सगळं सोपं दिसतं. मशिनवर हात ठेवला की कळतं काय येत नाही ते.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका वहिनींनी घरच्या आंब्याचा हिशेब कॅल्कमध्ये घातला. मला फारच आवडलं, कारण खोट्या उदाहरणापेक्षा घरचा हिशेब दहापट शिकवतो. एका रकान्यात गिऱ्हाइकाचं नाव, पुढे पेट्या, पुढे रक्कम. खाली बेरजेचं सूत्र बरोबर लिहिलं होतं आणि उत्तर आलं शून्य. दोनदा पुसून लिहिलं, पुन्हा शून्य. वहिनींचा चेहरा उतरला, "कॉम्प्युटर बिघाडलो वाटता."

बिघडलं काहीच नव्हतं. त्यांनी चौकटीत लिहिलं होतं "१२ पेट्या", "५ पेट्या". आकड्याबरोबर शब्द आला की कॅल्कच्या लेखी ते अक्षर होतं, आणि बेरजेचं सूत्र अक्षरं सोडून देतं. ओळखायची खूण सोपी आहे: आकडा असेल तर तो चौकटीत उजवीकडे चिकटतो, अक्षर डावीकडे. त्यांचा अख्खा रकाना डावीकडे चिकटला होता. "पेट्या" हा शब्द वर मथळ्यात एकदाच लिहून खाली नुसते आकडे ठेवले, आणि बेरीज आली. एक्सेलमध्येही हेच होतं. परीक्षेत यावर प्रश्न आला तर वहिनींना तो आयुष्यात चुकणार नाही.

घरी कॉम्प्युटर नसेल तर आठवड्यातून दोन दिवस तरी मशिन मिळेल अशी सोय लावा. एखाद्या ओळखीच्या दुकानात, शाळेत, भाच्याच्या लॅपटॉपवर. बाकीचे दिवस मोबाइलवर वाचा. उलटं करू नका.

मराठी टाइप करताना फॉन्टच्या मागे लागणं

जुने फॉन्ट वापरून लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या मशिनवर अगम्य चिन्हांचा होतो, मग "फाईल खराब झाली" म्हणून फोन येतो. फाईल ठीक असते, समोरच्याकडे तो फॉन्ट नसतो. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशिनवर तसंच दिसेल अशा पद्धतीत, लिहायची सवय लावा. कीबोर्डची इनस्क्रिप्ट ही मांडणी शिकलात तर उत्तम. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात, त्यामुळे हात लवकर बसतो.

"रत्नागिरी" लिहून बघा. जे, एल, डी, व्ही, ई, आय, एफ, जे, आर. यात डी म्हणजे पाय मोडायची खूण, तिच्यामुळे त आणि न जोडले जातात. नवीन माणूस अडतो तो "गि"वर. वेलांटी कागदावर आधी काढतो म्हणून तो ती आधी दाबतो आणि ठिपक्यांचं गोल उमटतं. आधी ग, मग वेलांटी. जसं बोलतो त्या क्रमाने दाबायचं. आपल्या गावाचं, घरच्यांचं, देवस्थानाचं नाव रोज दहा वेळा लिहा. पंधरा दिवसांत फरक दिसतो.

लाईट जाईल हे विसरणं

जूनमध्ये आपल्याकडे लाईट जाणार, हे धरूनच चला. वर्ड स्वतःहून सुधारणा वाचवून ठेवतं, पण ठरलेलं अंतर दहा मिनिटांचं असतं, आणि दहा मिनिटांत दीड पान जातं. फाईल उघडल्याबरोबर आधी नाव देऊन जतन करा, मग लिहायला लागा. दर परिच्छेदाला कंट्रोल-एस. लाईट परत आल्यावर प्रोग्रॅम पुन्हा उघडला की बाजूला किंवा समोर फाईल परत मिळवण्याचा पर्याय दिसतो. घाईत तो बंद करू नका, आधी वाचा.

"फाईल हरवली" म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांची फाईल डाउनलोड्समध्ये असते. अभ्यासाचा एक फोल्डर करा आणि सगळं तिथेच ठेवा. पासवर्ड घेत नसेल तर आधी कॅप्स लॉकचा दिवा बघा. उजवीकडचे आकडे उमटत नसतील तर नम लॉक. आणि कीबोर्डच्या कळा अडकत असतील तर किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेचा आणि दमटपणाचा हात असू शकतो. पावसाळ्यात मशिन आठवडाभर झाकून ठेवू नका, रोज थोडा वेळ चालू करा.

अर्जात नाव वेगळं लिहिणं

आधार कार्डावर लग्नानंतरचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं, आणि अर्जात तिसरंच. पुढे कागद तपासताना याच बायकांना सगळ्यात जास्त हेलपाटे पडतात, आणि मला त्याचा राग येतो, कारण दोष त्यांचा नसतो. अर्ज भरण्याआधी सगळी कागदपत्रं एका ओळीत मांडा आणि स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून बघा. नाव बदललेलं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. सायबर कॅफेत दुसऱ्याकडून अर्ज भरून घेतलात तरी शेवटचं बटण दाबण्याआधी तो स्वतः वाचा. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या, कॅफेवाल्याचा नको, कारण प्रवेशपत्राची बातमी तिथेच येते.

परीक्षेच्या दिवशी

सीसीसीत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. पास व्हायला ५० टक्के पुरतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. येणारे आधी सोडवा, अडले तिथे रेंगाळू नका. डिजिटल व्यवहारांचा भाग लोक वगळतात आणि तिथलेच सोपे गुण घालवतात. यूपीआय, आरटीजीएसची (बँकेतून मोठे पैसे पाठवण्याची) किमान रक्कम २ लाख, इंटरनेट नसताना पैसे पाठवायला *९९#, सायबर फसवणुकीची तक्रार १९३० वर. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं असंच आहे.

केंद्र आपल्याच तालुक्यात मिळेल असं धरू नका. प्रवेशपत्र आलं की गाव बघा, एसटीची वेळ विचारा, आणि पावसाचे दिवस असतील तर आदल्या संध्याकाळीच पोहोचा. घाटात दरड आली तर परीक्षा कोणासाठी थांबत नाही.

निकाल लागला की प्रमाणपत्र लगेच डिजिटल स्वरूपात जपून ठेवा. नायलिटची प्रमाणपत्रं डिजिलॉकर या सरकारी ॲपवर मिळतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी घरांत शिरलं तेव्हा कपाटं उघडायलाही वेळ मिळाला नव्हता. एक प्रत डिजिलॉकरवर, एक स्वतःच्या ईमेलवर, आणि छापील कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावरच्या पेटीत.