प्रारूप विकास आराखड्यात घरांच्या जागा कशा तपासाव्यात आणि हरकत कशी नोंदवावी

शहरात पुढील वीस वर्षे घरे कोठे बांधता येतील, हे विकास आराखडा ठरवतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार महानगरपालिका व नगरपरिषदांना हा आराखडा तयार करावा लागतो आणि तो अंमलात आल्यापासून वीस वर्षांतून किमान एकदा त्याची सुधारणा करावी लागते. प्रत्यक्षात ही मुदत टळते. पुण्याच्या जुन्या हद्दीसाठी १९८७ साली लागू झालेल्या आराखड्याच्या जागी आलेल्या नव्या आराखड्याला राज्य शासनाची मंजुरी २०१७ च्या जानेवारीत मिळाली. त्यामुळे आपल्या शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा तो बारकाईने वाचणे प्रत्येक रहिवाशाच्या हिताचे आहे, कारण तशी संधी पुन्हा लवकर येत नाही.

खरे तर काम त्याआधीच सुरू करावे. कलम २३ खाली पालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते आणि कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. प्रारूपाचा पाया हाच नकाशा असल्याने आपली वस्ती, गावठाण, चाळ किंवा झोपडपट्टी त्यात योग्य रीतीने दाखवली आहे का, हे पाहावे. या पायरीवरील चुका किती महागात पडतात हे मुंबईने अनुभवले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रारूपावर कोळीवाडे व गावठाणे यांच्या नोंदींसह असंख्य चुकांबद्दल आक्षेप आले, शासनाने ते नव्याने करण्यास सांगितले आणि २०३४ पर्यंतचा आराखडा अखेर १ सप्टेंबर २०१८ रोजी लागू झाला.

कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध झाले की बहुतेक जण थेट नकाशावर आपला भूखंड शोधतात. त्याऐवजी सोबतचा अहवाल आधी वाचावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यात नियोजन वर्षापर्यंतच्या, म्हणजे आराखडा ज्या वर्षापर्यंतचा आहे तोवरच्या, लोकसंख्येचा अंदाज, त्यावरून काढलेली जागेची गरज आणि त्यासाठी वापरलेली मानके दिलेली असतात. लोकसंख्येच्या अंदाजित वाढीला एका कुटुंबातील माणसांच्या सरासरी संख्येने भागल्यास किती नवी घरे लागतील याचा ढोबळ आकडा कोणालाही काढता येतो. तो रहिवासी विभागात वाढवलेल्या क्षेत्राशी आणि अपेक्षित घनतेशी ताडून पाहावा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी आणि रस्तारुंदीसारख्या कामांत विस्थापित होणाऱ्यांसाठी किती भूखंड आरक्षित आहेत, हेही अहवालातील आरक्षणांच्या तक्त्यात शोधावे. जुन्या आराखड्यातील अशी आरक्षणे नव्या प्रारूपात कायम आहेत की वगळली, याची तुलना कष्टाची असली तरी सर्वांत उपयोगी ठरते, कारण वगळलेले आरक्षण नव्या नकाशावर दिसतच नाही.

त्यानंतर भाग नकाशांकडे, म्हणजे शहराच्या एकेका भागाच्या नकाशांकडे, वळावे. सातबाऱ्यावरील गट क्रमांक किंवा मिळकत पत्रिकेवरील सिटी सर्व्हे क्रमांक घेऊन आपल्या परिसराचा नकाशा काढावा. रहिवासी विभाग पिवळ्या रंगात असतो. जमिनीच्या व्यवहारांत ‘यलो झोन’ म्हणतात तो हाच. शेतजमीन पिवळ्या पट्ट्यात आली म्हणजे घरांचा प्रश्न सुटला असे समजू नये. त्या पट्ट्याला जोडणारा रस्ता, शाळा, दवाखाना व बाग यांची आरक्षणे जवळपास आहेत का आणि पाणीपुरवठ्याबाबत अहवाल काय सांगतो, हे पाहिल्याखेरीज मत बनवू नये.

मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे बांधकामाची सामाईक नियमावली, लागू आहे. दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पाला तिच्यानुसार दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी २० टक्के वाटा ठेवावा लागतो. म्हाडाच्या सोडतीत ‘२० टक्के’ योजनेतील म्हणून येणारी घरे ती हीच. लहान शहरांत ही तरतूद नसल्याने तेथे आरक्षित भूखंडांचे महत्त्व अधिक आहे.

हरकत लेखी आणि मुदतीत द्यावी. मुदत सूचनेत दिलेली असते व ती राजपत्रातील प्रसिद्धीपासून मोजली जाते. अर्जात नकाशाचा व आरक्षणाचा क्रमांक, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, नेमका आक्षेप, त्याचा पुरावा आणि कोणता बदल हवा हे स्पष्ट लिहावे. ‘गरिबांना घरे द्या’ ही मागणी रास्त असली तरी त्यावर हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला निर्णय देता येत नाही. ‘अमुक भूखंडावरील विस्थापितांच्या घरांचे आरक्षण कायम ठेवावे’ या मागणीवर मात्र द्यावाच लागतो. पोचपावती जपून ठेवावी आणि समक्ष सुनावणी हवी असल्याचे अर्जातच नमूद करावे. सुनावणी याच समितीपुढे होते; तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि विषयाचे जाणकार असे बाहेरचे सदस्य असतात. बोलायला वेळ थोडा मिळतो, म्हणून एका वस्तीच्या रहिवाशांनी एकच नेमका मुद्दा ठरवून जावे.

समितीच्या अहवालानंतर बदलांसह आराखडा पुन्हा प्रसिद्ध होतो आणि कलम ३० खाली शासनाकडे जातो. शासनाने त्यात मोठे फेरबदल सुचवल्यास तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. ही दुसरी सूचना पुष्कळांच्या नजरेतून सुटते.

मंजुरीनंतरही आरक्षण जाऊ शकते. कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही आणि त्यानंतर मालकाने दिलेल्या खरेदी सूचनेपासून (जागा विकत घ्या, अशी नोटीस) २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. तसेच कलम ३७ खाली एखाद्या भूखंडापुरताही फेरबदल करता येतो, त्याची सूचना राजपत्रात व वृत्तपत्रांत येते आणि तिच्यावरही हरकत घेता येते. आपल्या प्रभागातील घरांच्या आरक्षणांची यादी करून ठेवावी आणि त्यांच्या संपादनाची स्थिती माहिती अधिकाराखाली दरवर्षी विचारावी.