अंगकोर वाटला जाताय? मग सनराइजपेक्षा भिंतींना वेळ द्या

अंगकोर वाटचं मंदिर बघायला कंबोडियात सिएम रीपला जाणाऱ्या बहुतेकांचा प्लॅन ठरलेला असतो, पहाटे टुकटुक, अंधारात तळ्याकाठी गर्दीत मोबाईल वर करून उभं राहायचं, सूर्य आला की फोटो, आणि आठ वाजता नाश्त्याला हॉटेलवर. फोटो मस्त येतो, वाद नाही, पण रामायण-महाभारत ऐकत मोठं झालेल्या माणसाने तेवढ्यावर परत फिरणं म्हणजे पंगतीत बसून चटणी-कोशिंबीर खाऊन उठण्यासारखं आहे. खरा माल आतल्या भिंतींवर आहे.

आधी तिकीट बघा. ते मंदिरापाशी मिळत नाही, काउंटर वेगळ्याच ठिकाणी आहे, नाहीतर मग ऑनलाइन. एक दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. तीन दिवसांचंच घ्या, ते दहा दिवसांत कधीही वापरता येतं, म्हणजे मध्ये एक दिवस पाय पसरून झोपलात तरी चालतं (आणि झोपालच, उन्हाळा काय असतो ते तिथे कळतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीच गाठा). तिकिटावर तुमचा फोटो असतो आणि मंदिरामंदिरात चेकिंग होतं, त्यामुळे दुसऱ्याचं वापरू वगैरे डोक्यातून काढा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर सगळ्यात वरच्या मजल्यावर सोडत नाहीत.

आता भिंती. १२व्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनने हे विष्णूचं मंदिर बांधलं, तोंड पश्चिमेला, आणि कोरीवकाम लावलंय ते उलट्या प्रदक्षिणेने, म्हणजे मंदिर डाव्या हाताला ठेवून चालायचं. पण ऊन कुठे पडतं ते बघून मी हा क्रम मोडायला सांगेन. सकाळी सगळे तळ्यापाशी असताना तुम्ही सरळ मागच्या, पूर्वेच्या गॅलरीत (म्हणजे मंदिराभोवतीच्या लांब ओवरीत) जा. तिथे जवळपास ५० मीटर लांब समुद्रमंथन आहे आणि सकाळचं ऊन त्याच बाजूने येतं. डावीकडे असुर, गोल डोळ्यांचे, उजवीकडे देव, मधे विष्णू, खाली कूर्म. घाई न करता विष्णूच्या पायाखालच्या पाण्याकडे बघा, घुसळणीत सापडलेले मासे आणि मगरी चक्क दोन तुकडे झालेले कोरलेत! ज्याने हे कोरलं त्याने गोष्ट नुसती ऐकली नव्हती, पाण्याचं काय होईल याचाही विचार केला होता.

दुपारी उन्हात फिरू नका, जेवा, झोपा, आणि तीननंतर परत येऊन पश्चिमेची गॅलरी घ्या. आत शिरल्यावर उजवीकडे कुरुक्षेत्र, डावीकडे लंकेचं युद्ध. कुरुक्षेत्रात कौरव डावीकडून येतात, पांडव उजवीकडून, आणि डाव्या बाजूला वरच्या अंगाला शरपंजरी पडलेले भीष्म शोधा, सापडले की गाइडची गरज संपली. दक्षिणेच्या गॅलरीत यम आणि चित्रगुप्तसुद्धा आहेत, खाली नरकातल्या शिक्षा, लहान मुलं सोबत असतील तर त्यांना तेच जास्त आवडेल. हात मात्र लावू नका. हातांनी घासून घासून दगड काही ठिकाणी काळा गुळगुळीत झालाय.

बायोन आणि ता प्रोह्म या जवळच्याच दुसऱ्या मंदिरांना तर कुठलाही टुकटुकवाला नेतोच, त्यावर वेगळं काय सांगणार. ता प्रोह्मच्या दुरुस्तीत आपल्या पुरातत्त्व खात्याचं काम आहे एवढं लक्षात ठेवून बघा, झाडांच्या मुळांमधून भिंत सावरणं काय भानगड आहे ते समजतं.

पण एक सकाळ बांतेय स्रेईला राखून ठेवाच. ते लांब आहे म्हणून छोट्या सर्किटमध्ये, म्हणजे टुकटुकच्या नेहमीच्या छोट्या फेरीत, नसतं, टुकटुकवाला जादा पैसे मागतो, आधीच ठरवून घ्या, आणि डॉलरच्या नोटा फाटक्या नकोत, घेत नाहीत. इ.स. ९६७ चं गुलाबी दगडाचं देऊळ, आकाराने छोटं, पण कैलास हलवणारा रावण इथे इतका बारीक कोरलाय की वेरूळचा भव्य रावण बघितलेल्यांनी हा मुद्दाम बघावा. मधल्या भागाला दोरी लावलेली असते, जवळ जाता येत नाही, त्यामुळे छोटी दुर्बीण असेल तर बॅगेत टाका, मोबाईलच्या झूमने भागत नाही.