दुकानातला जुना मॅचबॉक्स डिस्प्ले: आधी काळ ठरवा, मग गाड्या घ्या

खेळण्यातल्या गाड्यांचा दुकानातला जुना डिस्प्ले हाती लागला की लगेच गाड्यांच्या मागे धावू नका. आधी तो कोणत्या काळातला, ते पक्कं करा. 1 ते 75 असे क्रमांक असतील तर तो बहुधा लेस्नी या ब्रिटिश कंपनीच्या ‘मॅचबॉक्स’ या छोट्या धातूच्या गाड्यांच्या मालिकेचा. पाटीवर ‘सुपरफास्ट’ असेल तर तो 1969 च्या आधीचा नाही, कारण बारीक आसांवरची ती सुसाट पळणारी चाकं त्याच वर्षी आली.

भरताना खरी गोम वेगळीच आहे. एकाच क्रमांकाखाली वर्षागणिक वेगवेगळी मॉडेलं निघाली. पाच नंबरची लंडनची लाल बसच किती रूपांत आली! त्यामुळे नुसता आकडा जुळला म्हणून गाडी घेऊ नका. ती उलटी करा, तळावरची अक्षरं भिंगातून वाचा, चाकं पाहा. रिव्हेट, म्हणजे तळ वरच्या भागाला जोडणारी धातूची खीळ, ड्रिलने उडवलेला किंवा तिथे स्क्रू दिसला तर गाडी उघडलेली आहे, हे नक्की.

पाटीची छपाई उडाली असली तरी कृपया रंगवू नका. मूळ छपाईची सर नव्या रंगाला नाही. आणि योग्य गाडी मिळेपर्यंत तो कप्पा खुशाल रिकामा ठेवा.